खुलासा : बीटा-ॲलानिन आणि मुंग्या

"व्यायामाआधी अर्धा तास बीटा-ॲलानिन घ्या, अंगाला मुंग्या आल्या की समजा काम सुरू झालं." ही ओळ माझ्याच जुन्या पोस्टमधली, आता जिमच्या ग्रुपांवर फिरतेय. ती चुकीची आहे. (बीटा-ॲलानिन म्हणजे व्यायाम करणारे पूरक म्हणून घेतात ते एक अमिनो आम्ल.)

मुंग्या येतात त्या त्वचेतल्या मज्जातंतूंमुळे. स्नायूंच्या थकव्याशी त्यांचा संबंध नाही. (मलाही तेव्हा तो झणझणाट पटला होता!) हे पूरक कॅफिनसारखं लगेच लागू पडत नाही. शरीरात त्यापासून कार्नोसिन नावाचं संयुग बनतं आणि जोराच्या व्यायामात स्नायूत वाढणारी आम्लता ते रोखून धरतं. संशोधक रॉजर हॅरिस आणि सहकाऱ्यांनी 2006 साली दाखवलं, की रोज घेतल्यावर चार आठवड्यांत स्नायूंतलं कार्नोसिन वाढतं. म्हणजे प्रश्न वेळेचा नाही, सातत्याचा आहे. अभ्यासांत मात्रा साधारण रोज 4 ते 6 ग्रॅम, थोडी थोडी विभागून. तसं केलं की मुंग्याही कमी येतात.

फायदा मुख्यतः एक ते चार मिनिटांच्या दमछाक करणाऱ्या प्रयत्नात दिसतो, तोही थोडाच. एकदाच वजन उचलणाऱ्याला फारसा नाही.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय त्यांना हा द्या.