दोन हात अंतर? सांगली-मिरज एसटीत उभं राहून दाखवा!

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर जुना मेसेज परत आलाय. त्याचं म्हणणं असं: विषाणू मास्कमधून डास कुंपणातून जावा तसा जातो, मास्कनं ऑक्सिजन कमी पडतो, त्यामुळं मास्क सोडा, दोन हात अंतर ठेवा, बास.

कोरोनाचा विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), हे खरं. पण तो सुटा उडत नाही, श्वासातल्या थेंबांवर बसून येतो. शिवाय मास्क म्हणजे पिठाची चाळणी नव्हे. एन-९५ जातीच्या मास्कच्या धाग्यांवर विद्युतभार असतो. अतिबारीक कण सरळ न जाता भेलकांडतात आणि धाग्यांना चिकटतात. अडवायला सगळ्यात अवघड कण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे. म्हणून चाचणी त्यांच्यावरच होते, आणि तिथं किमान ९५ टक्के अडावे लागतात.

ऑक्सिजनचं तर हसूच येतं. ज्या छिद्रातून विषाणू आरामात जातो म्हणता, तिथून त्याच्याहून शेकडो पटींनी लहान ऑक्सिजनचा रेणू जात नाही होय? मिरजेतले सर्जन तासन्‌तास मास्क लावून ऑपरेशन करतात.

आता अंतर. कृष्णेच्या घाटावर वारं असतं, तिथं दोन हात ठीक. बंद खोलीत कोपऱ्यात उदबत्ती लावा, वास दोन हातांवर थांबतो का? अमेरिकेतल्या स्कॅजिट व्हॅलीत १० मार्च २०२० ला ६१ जण अडीच तास गाण्याच्या सरावाला जमले. एका आजाऱ्यापासून ५२ जणांना लागण झाली (यात काही संशयित धरलेत). खुर्च्या जवळजवळ होत्या, मान्य. पण ५२ जण काही एकट्याच्या शेजारी बसले नव्हते.

मास्कवाल्यांनीही छाती फुगवू नये. बांगलादेशात ६०० गावांत पद्धतशीर प्रयोग झाला. मास्क न वाटलेल्या गावांच्या मानानं सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह झालेली लागण सुमारे ११ टक्क्यांनीच घटली. कापडी मास्कचा फायदा तितका स्पष्ट दिसला नाही. अर्थात तिथं मास्क लावणारे १३ वरून ४२ टक्क्यांपर्यंतच गेले होते, म्हणजे निम्म्याहून जास्त लोक उघड्या तोंडानंच. आणि 'मास्क लावला की लोक बेफिकीर होतात' म्हणणाऱ्यांसाठी: त्या गावांत लोक उलट थोडं जास्तच अंतर ठेवू लागले.

घरी बसणं शक्य असेल तर त्याहून भारी काही नाही. पण संध्याकाळी सुटून मिरजेची एसटी धरणाऱ्याला दोन हात जागा कोण देणार? त्याच्या हातात मास्कच उरतो, तोही नाकाखाली नव्हे.