बंगळुरू की गुरुग्राम? आधी अख्ख्या गावाला विचारा

कंपनीने तुमच्यापुढे दोन शहरं ठेवली आहेत आणि शुक्रवारपर्यंत एक निवडायला सांगितलंय? अभिनंदन! पुण्यातलं ऑफिस बंद होतंय हे त्या मेलच्या चौथ्या परिच्छेदात असतं, तिकडे लक्ष देऊ नका. पहिल्या तीन परिच्छेदांत तुम्हाला 'संधी' दिलेली असते, ती बघा. खाली दोन पर्याय असतात. 'दोन्ही नको' हा त्यात नसतो, कारण संधी नाकारणारा माणूस एचआरच्या कल्पनेतच नसतो.

मला हे भाग्य नुकतंच लाभलंय. त्यामुळे याच वाटेवर असलेल्यांसाठी चार युक्तीच्या गोष्टी.

सगळ्यात आधी फॅमिली ग्रुपवर टाका. दहा मिनिटांत कळेल की दोन्ही शहरांत आपले तज्ज्ञ आहेत. एकाने बंगळुरूची लालबाग पाहिलेली असते, दुसऱ्याने वैष्णोदेवीला जाताना गुरुग्राम खिडकीतून पाहिलेलं असतं. दोघांची मतं ठाम असतात.

मग हवामान बघा. फक्त हवामानच बघा, बाकी आयुष्य आपोआप जुळून येतं. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर आहे, हे आपल्याकडे पाढ्यांसारखं पाठ असतं. आमच्या आत्याचे यजमान 1988 साली ट्रेनिंगला तिथे राहिले होते आणि मे महिन्यात त्यांना पंखा लावावा लागला नव्हता. त्या पंख्याच्या भरवशावर मी घरदार हलवावं असं त्यांचं म्हणणं आहे. गुरुग्रामवाले हिवाळ्याचं कौतुक सांगतात. कोवळं ऊन, गाजराचा हलवा. नोव्हेंबरात ते ऊन जमिनीपर्यंत पोचतं का, हे विचारलं की विषय पुन्हा हलव्यावर येतो. हवेच्या प्रदूषणाचा आकडा, म्हणजे एक्यूआय, चारशेच्या वर गेला की दिल्ली परिसराच्या प्रदूषणविरोधी आराखड्याचा, म्हणजे ग्रॅपचा, तिसरा टप्पा लागू होतो. मग बीएस-4 या जुन्या प्रदूषण मानकाची डिझेल गाडी रस्त्यावर आणायची नाही, आणि पाचवीपर्यंतच्या मुलांची शाळा हायब्रिड, म्हणजे वर्गात किंवा ऑनलाइन. माझी गाडी बीएस-4 डिझेल. मुलगी तिसरीत. एकूण हिवाळा आम्हाला घरात बसून निवांत अनुभवता येईल.

पाण्याची चिंता अजिबात करू नका, दोन्हीकडे आहे. फक्त जागा चुकलेली आहे. बंगळुरूत 2024 च्या मार्चमध्ये पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजार रुपये दंड लावला होता. त्याच्या दीड वर्ष आधी, सप्टेंबर 2022 मध्ये, त्याच शहरात आउटर रिंग रोडवरचे इंजिनीअर ट्रॅक्टरमध्ये बसून ऑफिसला जात होते. गुरुग्रामचं म्हणाल तर 2016 च्या जुलैमध्ये हिरो होंडा चौकात पाणी तुंबून लोक अख्खी रात्र गाडीत होते. तेव्हा घर बघताना नळही बघा आणि गाडीचं सायलेन्सर किती उंचावर आहे तेही बघा.

रस्ते कुठले चांगले, या वादात पडू नका. गुरुग्राम, पुणे आणि बंगळुरू ही तिन्ही शहरं एकाच राष्ट्रीय महामार्ग 48 वर आहेत. तुम्ही आज पुण्यात नवले पुलाजवळ ज्या रस्त्यावर उभे आहात त्याच रस्त्यावर उद्याही उभे राहणार आहात, थोडे वर किंवा थोडे खाली.

भाषेचं म्हणाल तर मुलं पटकन शिकतात. सगळे हेच सांगतात, मुलं सोडून.

गाडी सोबत न्यायची असेल तर जरूर न्या. परराज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली की मोटार वाहन कायद्याप्रमाणे नवा नंबर घ्यायचा. आधी इथल्या आरटीओची एनओसी, मग तिकडचा रोड टॅक्स भरायचा आणि मग इथल्या टॅक्सचा उरलेला हिस्सा परत मिळावा म्हणून इथे अर्ज करायचा, आणि मग वाट बघायची. सरकारने या जाचातून सोडवण्यासाठी 2021 साली बीएच सिरीज, म्हणजे देशभर चालणारा गाडीचा नंबर, आणली. फार चांगली योजना आहे. खासगी नोकरदाराला ती मिळते, फक्त त्याच्या कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत हवीत. आमची तीन राज्यांत होती. पुणे बंद झाल्यावर दोन.

करसवलतीचं गणितही मांडून बघा, करमणूक होते. घरभाडे भत्त्यासाठी वर्षानुवर्षं मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई एवढीच महानगरं धरली गेली, त्यांना पगाराच्या पन्नास टक्क्यांचा हिशोब आणि बाकीच्यांना चाळीसचा. म्हणजे घरमालकाच्या लेखी बंगळुरू जागतिक शहर आणि आयकराच्या लेखी तालुक्याचं गाव होतं. गुरुग्रामला तर भाडं दिल्लीच्या तोडीचं, पण सवलतीला विचाराल तर ते हरियाणात. आणि नवी कररचना घेतली असेल तर ही सवलतच नाही, तेवढा एक वाद मिटला.

आता घर. घर शोधणं अगदी सोपं आहे. पुण्यातून व्हिडिओ कॉलवरच होतं.

बंगळुरूचा ब्रोकर फोन घेऊन घरात फिरतो. मॉड्युलर किचनसमोर तो थांबतो, ट्रॉल्या एकेक करून उघडून दाखवतो, चिमणीचा दिवासुद्धा लावून दाखवतो. बाथरूमवरून मात्र कॅमेरा असा सरकतो की टाइल्सचा रंगही कळू नये. मी म्हटलं, जरा नळ सोडा. त्याने सोडला. फुस्स असा आवाज आला, दोन थेंब पडले आणि तो म्हणाला, "मोटर बंद है सर." संध्याकाळी चालू असते का? "शाम को टँकर आता है सर." मोटर, टँकर आणि माझं नशीब यांचा मेळ कधी बसतो ते करारात लिहाल का, असं विचारलं तर तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

मग मालकांची मुलाखत. तुम्ही कितीही वर्षं नोकरी केलेली असो, ही मुलाखत त्याहून अवघड असते. व्हेज का? किती माणसं? आईवडील येऊन राहणार का? राहणार असतील तर किती दिवस? गाडी एक की दोन? कुत्रा? लग्न झालंय याचा पुरावा? शेवटी ते मोठ्या मनाने म्हणतात, तुम्ही महाराष्ट्रीयन लोक शांत असता. भाडं अडतीस हजार, मेंटेनन्स वेगळा, डिपॉझिट पाच महिन्यांचं. पूर्वी दहा महिन्यांचं असायचं, त्यामुळे पाच म्हणजे उपकारच. ब्रोकरचं एक महिन्याचं भाडं. घर सोडताना पेंटिंगचं एक महिन्याचं भाडं, ते आत्ताच कबूल करायचं. म्हणजे मी त्या भिंतीला अजून टेकलोही नाही आणि तिला रंग मी देणार. केंद्राचा 2021 चा आदर्श भाडेकायदा आहे, त्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घेऊ नये असं स्वच्छ लिहिलंय. पण तो नमुना आहे. राज्याने उचलला तर लागू. नमुन्याचं काय, मधुमेहाच्या रिपोर्टसारखं, कपाटात ठेवायचा आणि जेवायला बसायचं.

तरी मी हो म्हटलं. "सर, तीन पार्टी लाइन में हैं, टोकन डाल दो." वीस हजार टाकले. दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला की मालकांच्या भाचीचं लग्न ठरलंय, घर तिला हवंय. ठीक. भाचीला आशीर्वाद. संध्याकाळी बायकोने वेबसाइट उघडली तर तेच किचन, त्याच ट्रॉल्या, तोच चिमणीचा दिवा, फक्त भाडं एक्केचाळीस हजार. भाचीचं लग्न मोडलं असावं. टोकन 'प्रोसेसमध्ये' आहे. कुठल्या प्रोसेसमध्ये? यूपीआयने घेताना दोन सेकंद लागले, परत द्यायला कसली प्रक्रिया लागते? फोन उचलत नाही. मेसेजवर निळ्या टिका येतात, म्हणजे वाचतो तरी. आणि यावर आपली माणसं काय म्हणतात? "अरे, आधी द्यायचेच नाहीत." मग काय करायचं? रजा काढून, विमानाचं तिकीट काढून, हॉटेलात राहून नळ सोडून बघायचे? त्याचे पैसे कोण देणार? आणि गुरुग्रामला डिपॉझिट कमी असतं म्हणून लगेच उड्या मारू नका. तिकडे प्रीपेड मीटरवर जनरेटरच्या विजेचा दर निराळा कापला जातो आणि तो किती, हे राहायला गेल्यावर कळतं.

बायकोला काही विचारू नका. हा सल्ला मला सर्वात जास्त लोकांनी, एक शब्दही न बोलता दिला.

माझी बायको पुण्यात अनुदानित मराठी शाळेत कायम शिक्षिका आहे. डीएड, टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, शालार्थची पगार नोंदणी, वैयक्तिक मान्यतेच्या फायली, या सगळ्यातून गेलेली. ही नोकरी राज्याच्या सीमेपलीकडे जात नाही. सेवाज्येष्ठता जात नाही. महाराष्ट्राची टीईटी घेऊन कर्नाटकातल्या सरकारी शाळेत उभं राहता येत नाही. व्हाइटफिल्डला मराठीतून इतिहास शिकवणारी शाळा कुणी पाहिली असेल तर पत्ता द्या. पण गेल्या आठवड्यात मला पंख्याबद्दल, हलव्याबद्दल, इडलीबद्दल, मेट्रोच्या यलो लाइनबद्दल, पंजाबी शेजाऱ्यांबद्दल सल्ले आले, आणि तिच्या नोकरीबद्दल एकच वाक्य आलं, तेही सगळ्यांकडून तेच: "ती काय, तिकडे एखादी शाळा बघेल."

एखादी शाळा? तुमच्या पेन्शनबद्दल कुणी असं म्हटलं असतं तर? तुमचा ग्रेड पे अर्ध्या टप्प्याने चुकला तेव्हा तुम्ही निवृत्तीनंतरही सहा पानी अर्ज करत होतात, काका, मीच टाइप करून दिले होते. आणि तिने मात्र 'एखादी' बघायची. ती तुमच्या समोर बसून चहा देत होती तेव्हा तिला विचारायचं होतंत. तुम्ही मला विचारलंत की तिकडे चांगला चहा मिळतो का.

आणि एचआरच्या मंडळींनो, तुमचं वेगळंच. दोन्ही शहरांना पगार तोच. दोन्ही शहरांना रिलोकेशनचे एक लाख, बिलं दाखवल्यावर, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर परत. पॅकर्स अँड मूव्हर्स, विमान, ब्रोकर आणि शाळेची अॅडमिशन फी हे सगळं त्या एक लाखात बसवून दाखवा. डिपॉझिट तर तुमच्या कोष्टकात नाहीच, कारण ते म्हणे 'परत मिळतं'. कुणाला मिळालं पूर्ण? एक माणूस दाखवा.

मी साधा प्रश्न विचारला होता, बंगळुरूत ऑफिस नक्की कुठे असणार? व्हाइटफिल्ड, इलेक्ट्रॉनिक सिटी की विमानतळाच्या बाजूला? ही तीन टोकं आहेत. एका टोकाला घर घेतलं आणि दुसऱ्या टोकाला ऑफिस निघालं तर दिवसाचे तीन-चार तास रस्त्यावर जातात, मग शहराची हवा नऊशे मीटरवरची असो की नऊ हजार. गुरुग्रामचंही तेच. सायबर सिटीत असेल तर मेट्रो आहे, द्वारका एक्स्प्रेसवेच्या नव्या सेक्टरांत असेल तर गाडी लागणार, आणि गाडी नोव्हेंबरात बंद. तुमचं उत्तर आलं, "वी विल कीप यू पोस्टेड." म्हणजे शहर आम्ही शुक्रवारपर्यंत सांगायचं आणि पत्ता तुम्ही सवडीने सांगणार? घर कुठे शोधू? मुलीचा प्रवेश कुठल्या भागात घेऊ? जुलैत कुठल्या शाळेत बसवू तिला, तुमच्या मीटिंग रूममध्ये?

याला निवड म्हणत नाहीत. सरळ सांगा की पुण्याचं भाडं वाचवायचंय आणि त्याचा खर्च आमच्या अंगावर टाकायचाय. ते ऐकून घेण्याइतके आम्ही मोठे आहोत. वर संधी म्हणून हसरा चेहरा पाठवू नका.

पत्ता लेखी द्या. पगारात भाड्याचा फरक धरा, डिपॉझिट कंपनीच्या नावाने भरा आणि मालकाकडून परत मिळवायची कटकट एकदा तुम्हीच करून बघा. आणि शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत घरून काम करू द्या. यातलं काहीच जमणार नसेल तर मुदत पुढे ढकला, कारण अशा अर्धवट कागदावर मी सही करणार नाही आणि डिपॉझिटसाठी पीएफलाही हात लावणार नाही.