बिल्ला नाही, म्हणजे म्हैस नाही

गेल्या मंगळवारी बेळगावात एका माणसानं माझ्या वडिलांची लढाई आणि त्याची मेलेली म्हैस यांची अदलाबदल करायची तयारी दाखवली. खरं सांगतो, अर्धा मिनिट मी विचारात पडलो होतो.

प्रकरण असं. आप्पा १९६४ ला फौजेत गेले, १९८१ ला सुटून आले. १९७१ च्या लढाईत ते पश्चिमेला, पाकिस्तानातल्या शकरगडच्या बाजूला होते. त्या लढाईत पश्चिम आघाडीवर जे होते त्यांना पश्चिमी स्टार, पूर्वेला जे होते त्यांना पूर्वी स्टार. शिवाय ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळातल्या नोकरीबद्दल संग्राम मेडल वेगळं, त्याला खंदकात उतरलेलं असायलाच हवं असं नाही. आप्पांच्या डिस्चार्ज बुकात संग्राम मेडल आहे, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं आहे, नऊ वर्षं सेवेचंही आहे. पश्चिमी स्टार नाही. बहात्तरच्या मध्यावर त्यांची बदली झाली. जुन्या युनिटला वाटलं, पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा हुकूम, नवीन युनिट काढेल. नवीनला वाटलं, जुन्यानं काढली असेल. त्यामुळं कागद बघून बोलायचं तर लढाई चालू असताना आप्पा नोकरीत होते, पण लढाईत नव्हते. मग कुठं होते? ते लिहिलेलं नाही.

पन्नास वर्षं आप्पांनी याबद्दल ब्र काढला नाही. मागच्या वर्षी २६ जानेवारीला गावच्या शाळेत माजी सैनिकांचा सत्कार झाला, आणि शाल देताना पाचवीतल्या एका पोरानं विचारलं, “आजोबा, तुम्ही लढाईला नव्हता?” आप्पा घरी आले, ट्रंक उघडली, डिस्चार्ज बुक माझ्यापुढं टाकलं आणि म्हणाले, “हे दुरुस्त करून घे.” जणू सायकलचं पंक्चर काढायचं होतं.

मी आधी सोपा मार्ग सुचवला. कॅम्पात फौजी शिंप्यांची दुकानं आहेत, तिथं रिबन मिळते, चकचकीत मेडलही मिळतं. घेऊन येऊ, लावा. आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की मी चहात साखर किती ते विचारत स्वयंपाकघरात निघून गेलो. मागून आवाज आला, “नोंद नाही ते छातीवर लावत नाहीत.”

मग मी पत्र लिहिलं. कुणाला ते इथं सांगत नाही, आणि आप्पांची पलटण कुठली तेही नाही. सांगितलं तर पुढचं उत्तर आणखी उशिरा येईल. पहिलं उत्तर अकरा महिन्यांनी आलं. त्याच लढाईतली गोष्ट घ्या. पूर्वेकडं जमालपूरला आपली जंगी पलटण, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली, शत्रूची वाट अडवून बसलेली. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी समोरच्या पाकिस्तानी कर्नलला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. त्याचं उत्तर त्याच दिवशी आलं, त्यात बंदुकीची गोळी गुंडाळून. आता बघा, तो शत्रू होता, वेढ्यात होता, हरायला आलेला होता, तरी पत्राला त्याच दिवशी उत्तर देत होता. आणि आम्ही तर आपलेच.

अकरा महिन्यांनी आलेल्या कागदात दोन शंका होत्या. पहिली नावाची. आप्पांचं नाव मारुती. फौजेत त्यातल्या ‘ती’ला इंग्रजीत नुसता ‘टी’ आहे, आधार कार्डावर ‘टी-एच’ आहे. आमच्याकडं कॉम्प्युटरवर बसणारा पोरगा कन्नड वळणानं ‘त’ला ‘टी-एच’ लावतो, त्यात त्याची चूक नाही. पण कागदोपत्री एक मारुती लढून आला आणि दुसरा मारुती त्याची पेन्शन खातोय, असं दिसतं.

पत्त्याचं तर विचारूच नका. आप्पा जन्मले ते मुंबई इलाख्यात. १९५६ नंतर म्हैसूर राज्यात आले. भरती झाले तेव्हाच्या कागदावर ‘म्हैसूर’, सुटून आले तेव्हाच्या कागदावर ‘कर्नाटक’, कारण मध्ये १९७३ ला राज्याचं नाव बदललं. तालुका तेव्हा चिकोडी, आता निपाणी. जिल्हा बेळगाव होता, तो २०१४ ला बेळगावी झाला. चार कागदांवर चार पत्ते, आणि आमचं घर जागचं वीतभर हललेलं नाही. उलट माडीच्या दोन पायऱ्या खचल्यात, तेवढीच काय ती हालचाल. हा घोळ घेऊन कोर्टात जावं म्हटलं तर महाराष्ट्र २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात जाऊन बसलाय, तिथं आमचा नंबर कधी लागायचा?

दुसरी शंका खरी झोंबणारी. अर्जदार सदर लढाईत प्रत्यक्ष हजर होता, असं शपथपत्र करा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. आप्पा दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतात, म्हणजे मी जिवंत आहे हे सिद्ध करतात. आता एकाहत्तरच्या डिसेंबरात मी मरायला तयार होतो हेही सिद्ध करायचं. साक्षीदार आणायचे कुठून? आप्पांच्या बरोबरचे गावात दोघे होते. एक कोरोनात गेले. दुसऱ्यांना त्या लढाईतलं एवढंच आठवतं की मेसचा आचारी केरळचा होता आणि भातात खोबरं घालायचा.

तरीही चार वेळा बेळगावला गेलो. आई दोनदा बरोबर आली. कर्नाटकात बायकांना बस फुकट आहे, त्यामुळं आमच्या अर्जाविषयी घरात सगळ्यात जास्त उत्साह तिलाच. तिकिटाचे पैसे आम्ही दोघं पुरुष मोजणार आणि खिडकीला ती बसणार. खिडकीवरून आठवलं, त्या कचेरीतल्या खिडकीमागचा माणूस फार सभ्य होता. प्रत्येक वेळी हसून म्हणायचा, “नाळे बर्री.” म्हणजे उद्या या. कर्नाटकात एक दंतकथा आहे. रात्री एक भूत दार वाजवतं, म्हणून लोक दारावर ‘नाळे बा’ लिहून ठेवायचे. भूत ते वाचून परत जायचं, दुसऱ्या दिवशी यायचं, पुन्हा वाचायचं, पुन्हा परत जायचं. लहानपणी ऐकताना मी नेहमी घरातल्या माणसांच्या बाजूनं असायचो. या वर्षी कळलं, त्या गोष्टीतलं भूत आपण.

तर मंगळवार. ई-स्टँप एका सोसायटीत काढला आणि शपथपत्र टाइप करणाऱ्याच्या बाकावर आप्पांना घेऊन बसलो. आमच्या आधी एक गृहस्थ होते. साठीच्या अलीकडले, डोक्याला टोपी, खांद्यावर टॉवेल, मांडीवर स्टीलचा डबा. दर पाच मिनिटांनी ते टाइपिस्टच्या घड्याळात आणि मग डब्याकडं बघायचे.

“कसलं काम?”

“सर्व्हिस रेकॉर्डची दुरुस्ती.”

“मास्तर काय?”

“मी नव्हे, वडील. मिलिटरीत होते.”

“वारले?”

“हे काय, बसलेत.”

त्यांनी वाकून आप्पांना बघितलं, खात्री करून घेतली. “मग पेन्शन अडकलीया?”

“पेन्शन चालू आहे. एक मेडल राहिलंय.”

“त्येचं किती मिळत्यात?”

“काही नाही.”

“म्हंजे?”

“म्हणजे पैसे नसतात त्याला. नुसतं मेडल.”

गृहस्थ गप्प झाले. मग म्हणाले, “सोन्याचं असतंय?”

“नाही.”

“चांदीचं?”

“पितळेसारखं दिसतं.”

“पाव्हणं,” त्यांनी आवाज खाली आणला, “आतापतूर यायजायला किती गेलं तुमचं?”

हा हिशेब मी मुद्दाम केला नव्हता. त्यांनी बोटांवर केला. बस, झेरॉक्स, स्टँप, चहा, माझ्या चार रजा. आकडा ऐकून मला घाम फुटला. त्यांना मात्र माझी दया आली. “आसू द्या,” ते म्हणाले, “आमचं बी बिल्ल्याचंच हाय.”

त्यांची म्हैस मेली होती. विमा होता. विम्याच्या म्हशीच्या कानात बिल्ला असतो, नंबरवाला. बिल्ला नाही तर भरपाई नाही, असा नियम. बिल्ला तारेच्या कुंपणात अडकून आधीच कुठंतरी पडला, कान तेवढा फाटला.

“आता बगा,” ते सरसावून बसले. “म्हस मेली. डाक्टरनं लिहून दिलंय. गावानं बगितलंय. जेसीबी लावून पुरली, त्येचं बिल हाय. पर बिल्ला न्हाई, म्हंजे ती म्हस आमची न्हवं म्हणत्यात. मी म्हटलं, मग मेली ती कोण? तर सायेब म्हणतोय, ते तुम्ही सिद्ध करा. तसंच तुमचं. लढाई झाली. वडील हाईत. बिल्ला न्हाई. मग लढाईला गेल्तं ते कोण?”

पुढचा-मागचा सगळा पत्रव्यवहार, अकरा महिन्यांची वाट आणि नऊ झेरॉक्स प्रती यांतून मला जे मांडता आलं नव्हतं, ते या माणसानं म्हशीवरून मांडलं.

“फोटू न्हाई काढला लढाईत?”

“नाही.”

“आमचा बी ऱ्हायला. पोरगं म्हणत हुतं, म्हशीबरं सेल्फी काढूया. मी म्हटलं, तिचं काय लगीन ठरवायचंय?” ते हळहळले. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. “तुम्हास्नी साक्षीदार पायजेत न्हवं? मला बी दोन पायजेत. तुम्ही आमच्या म्हशीला ऱ्हावा, मी तुमच्या लढाईला ऱ्हातो.”

“अहो, एकाहत्तरला तुम्ही किती वर्षांचे होता?”

“चार-पाच.”

“मग?”

“तुम्ही तरी आमची म्हस कुठं बगितलीया?”

त्या अर्ध्या मिनिटाविषयी वर सांगितलंच आहे. खोटी साक्ष हा गुन्हा आहे, हे मला ठाऊक आहे. पण खरी साक्ष देणारे सगळे मेलेत किंवा खोबऱ्याच्या भाताविषयी बोलतायत, अशा वेळी माणसानं काय करायचं हे कायद्यात कुठं लिहिलंय?

आप्पांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं, डाव्यानं सोयीप्रमाणं. इतका वेळ ते समोरच्या नारळपाण्याच्या गाडीकडं बघत होते. आता अचानक वळून त्यांनी विचारलं, “पंढरपुरी होती का मुऱ्हा?”

झालं. मला कुणी विचारेना. शिंगं कशी, वेत कितवं, दूध किती, फॅट किती. टाइपिस्टनं दोनदा हाक मारली, दोघांनीही त्याला हातानंच थांबवलं. तिसऱ्या वेताला होती म्हटल्यावर आप्पांनी जीभ टाळ्याला लावून च्च केलं. माझा गुडघा मोडला तेव्हाही त्यांनी एवढं केलं नव्हतं. आणि मग आप्पा म्हणाले,

“शकरगडकडं एका गावात शिरलो होतो. माणूस म्हणून नव्हतं. चुलीवर भांडी तशीच. एक म्हैस दावणीला. रेकत होती. कास फुटायला आलेली, दोन-तीन दिवस कुणी पिळलीच नसंल. आम्ही दोघांनी धार काढली. भांडं कशाला शोधा, हेल्मेटात काढली. भरलं तसं वर उरलेली जमिनीवर सोडली.”

“मग?”

“मग दावं कापलं आणि पुढं गेलो.”

“दूद कसं हुतं?”

“म्हशीचंच की.”

ही गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. लहानपणापासून मी विचारत आलोय, आप्पा, लढाईत काय झालं? दर वेळी एकच उत्तर, “थंडी होती.” नातवाला शाळेचा प्रकल्प होता तेव्हाही थंडीच होती. आणि इथं, डबा घेऊन बसलेल्या अनोळखी माणसाला दोन मिनिटांत अख्खं गाव, चुली, हेल्मेट. मला त्याचा अजूनही राग आहे. मी म्हैस पाळायला हवी होती.

“झालं की काम!” गृहस्थांनी मांडीवर थाप मारली. “ह्येच लिवा अॅफिडेव्हिटात. बगितल्याबिगर कोण सांगंल असलं?”

टाइपिस्टनं मान वर न करता विचारलं, “युनिट, तारीख, ठिकाण?” आप्पांना ठिकाण माहीत होतं, गावाचं नाव माहीत नव्हतं. विचारायला तिथं माणूसच नव्हतं. टाइपिस्ट म्हणाला, मग ते घालता येणार नाही. त्यानं त्याचा ठरलेला मजकूर घातला, नोटरीचा शिक्का झाला. साक्षीदार म्हणून त्यानं पलीकडच्या चहावाल्याला आणि त्याच्या पोऱ्याला बोलावून घेतलं. पोऱ्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. दोघांनी सफाईनं सह्या केल्या. यांच्यापेक्षा म्हशीवाल्यांची साक्ष शंभरपट खरी ठरली असती.

परत येताना हत्तरगीच्या टोलनाक्यावर बस थांबली तेव्हा मी शपथपत्र काढलं. कन्नड मी अक्षर जुळवून वाचतो, त्यामुळं चौथ्या कलमापर्यंत यायला वेळ लागला. टाइपिस्टनं आधीच्या माणसाचीच फाइल उघडून तिच्यावर आमचं नाव चढवलं होतं. पहिली तीन कलमं नीट बदललेली. चौथं राहिलेलं. त्यात ‘सदरी एम्मे’ असा शब्द होता, आणि सदर म्हैस शेवटपर्यंत माझ्या ताब्यात होती, असं आप्पांनी शपथेवर सांगितलं होतं. खाली त्यांची थरथरती सही.

मी ते आप्पांना मराठीत वाचून दाखवलं. हसतील वाटलं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

“राहू दे,” म्हणाले. “ती होती तिथं.”

राहू दे कसं? ई-स्टँपचे पैसे परत मिळत नाहीत. येत्या मंगळवारी पुन्हा जायचंय, पाचवी रजा. टाइपिस्टला फोन केला तर म्हणाला, या की, उद्या या.