पाय जुळवू नका : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

('पंच्याहत्तरीतला म्हातारा' अशी सही तुम्हीच केलीत, म्हणून काका.) वॉन विल्यम्स या इंग्रज संगीतकाराने पहिल्या महायुद्धात स्ट्रेचरवरून जखमी वाहिले, या माझ्या लेखाची तुम्ही चांगलीच सालं काढलीत. तुमचं म्हणणं : तो स्ट्रेचर वाहणारा नव्हताच, गाडीवर होता. वादकांना हे काम देणं म्हणजे त्यांना गोळीबारापासून लांब ठेवायची सोय. इंग्रजांच्या लढाईशी पुण्याचा संबंध काय? आणि शेवटी, 'लिहिण्याआधी एकदा स्ट्रेचर उचलून बघा.'

पहिलं बरंचसं मान्य. 1914 सरता सरता, वयाच्या 42 व्या वर्षी, तो साधा शिपाई म्हणून मेडिकल कोअरमध्ये भरती झाला. 1916 मध्ये फ्रान्सला गेल्यावर त्याचं काम वॅगन ऑर्डर्लीचं होतं : रात्री मोटार अँब्युलन्सबरोबर आघाडीकडे जायचं आणि जखमी घेऊन मागे यायचं. 'रोज खंदकांतून जखमी वाहिले' हे मी लिहिलं तेव्हा लेखणी सैल सुटली होती. दुरुस्त केलंय. बाकी तिथल्या बिगुलवाल्याची गोष्ट जशीच्या तशी ठेवतोय. सराव करताना त्याचा वरचा षड्ज हुकायचा आणि सूर निषादावरच अडकायचा. तोच हुकलेला सूर पुढे वॉन विल्यम्सच्या 1922 च्या सिंफनीत ट्रंपेटवर आला.

'सोय' मात्र पटत नाही. तेव्हाच्या ब्रिटिश पायदळाच्या पलटणीत साधारण हजार माणसं आणि स्ट्रेचर उचलायला फक्त 16. पुढे पुढे हा आकडा 32 वर गेला. ही माणसं पूर्वापार बँडातली असायची, कारण लढाई सुरू झाली की बँड बंद आणि वाजवणारे हात मोकळे. म्हणजे ते खास कलाकारासाठी शोधलेलं काम नव्हतं, नोकरीचाच दुसरा अर्धा भाग होता. सुरक्षित म्हणाल, तर थॉमस रेंडल हा बँड्समन बघा. 20 नोव्हेंबर 1914 ला बेल्जियममध्ये तोफा चालू असताना त्याने जखमींची शुश्रूषा केली आणि ढासळलेल्या खंदकांत गाडली गेलेली माणसं बाहेर काढली. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला त्याला. 1917 मध्ये बेल्जियममधल्या पाशेंडालच्या लढाईत, तिथल्या चिखलात तर एका स्ट्रेचरला कधी कधी आठ-आठ माणसं लागायची. सगळा वेळ हात गुंतलेले. गोळी आली तरी पटकन आडवं पडता येत नाही.

तुमच्या बाजूचंही एक उदाहरण देतो. फ्रान्सचा व्हायोलिनवादक द्युरोझ्वार, त्यानेही स्ट्रेचर वाहिलं. त्याच्या डिव्हिजनचा जनरल मँजिन संगीतवेडा, म्हणून या मंडळींना अधूनमधून वाजवण्यासाठी मोकळं सोडत. सोबतचा वादक मारेशाल, त्याचा चेलो (व्हायोलिनचा मोठा भाऊ) दारूगोळ्याच्या खोक्याच्या लाकडातून ठोकलेला. तेव्हा सवलत होती, नाही म्हणत नाही. पण ती वाजवण्यापुरती.

आता पुणं. काका, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नावच पूना डिव्हिजन! तिच्यात 103, 110 आणि 117 अशा तीन मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर 1915 मध्ये बगदादजवळच्या टेसिफॉनच्या लढाईत त्यांचे जखमी खेचरांच्या, बिनस्प्रिंगच्या गाड्यांतून नदीपर्यंत आणले. मोडलेली हाडं घेऊन त्या खडखडाटात मैलच्या मैल. या हालांवर पुढे चौकशी आयोग बसला आणि 1917 मध्ये त्याचा अहवाल आला. (या डिव्हिजनचा सेनापती टाउनशेंड बँजो वाजवायचा, पण स्ट्रेचर काही त्याच्या वाट्याला आलं नाही.) आणि ही प्रथा इंग्रजांबरोबर गेली असंही नाही. आपल्या लष्करातही बँडच्या जवानांना युद्धकाळात जखमींची शुश्रूषा करायचं शिक्षण देतात. कॅम्पात त्यांना बघून आपण फक्त गणवेशाचा रंग आणि ट्यूबा या भल्यामोठ्या पितळी वाद्याचा आकार बघतो.

राहिलं उचलून बघणं. उचललंय, घरातल्या घरात का होईना.

मला क्लॅरिनेट शिकवणारे मास्तर लष्करी बँडातून निवृत्त झालेले. घोरपडीला दोन खोल्या. एकदा मी त्यांना स्ट्रेचर कसं वाहतात ते विचारलं. त्यांनी पडद्याच्या दोन काठ्या काढल्या, सतरंजी दुमडून शिवल्यासारखी बांधली, तिच्यावर सात वर्षांच्या नातवाला झोपवलं आणि मला पुढे उभं केलं. झोपलेल्याचे पाय पुढे, डोकं मागे. चढ असेल तरच उलटं. "चल."

मी निघालो. ढोलपथकात सहा वर्षं काढलेली, त्यामुळे न सांगता माझं पाऊल त्यांच्या पावलाला जाऊन मिळालं. मास्तर मागून ओरडले, "अरे, मिरवणूक आहे का ही? पाय जुळवू नकोस!" पुढच्याने डावा टाकला की मागच्याने उजवा टाकायचा, गुडघे किंचित वाकवायचे, पाऊल आखूड. दोघांचे पाय जुळले की दोन्ही टोकं एकाच बाजूला जातात आणि मधला माणूस हेलकावे खातो. आयुष्यभर ठेक्यात चालायला शिकवलेल्या माणसाला हे किती जड जातं, ते मला त्या बोळाएवढ्या व्हरांड्यात कळलं. चार फेऱ्यांत तीनदा चुकलो. दर वेळी कान मागच्या पावलांकडे, आणि पाय आपोआप तिकडेच.

पाचव्या फेरीला जमलं. सतरंजी अगदी स्थिर. मास्तर काही बोलले नाहीत, म्हणजे खूश होते. नातू मात्र हिरमुसला. "आजोबा, मघाशी हलत होतं तसं करा ना."