मैदानाला माती द्या, कमान नको!

पुरे झालं आता! दरवर्षी पालिकेच्या अंदाजपत्रकात 'क्रीडांगण विकास' म्हणून रक्कम दिसते आणि मैदानावर येतं काय? कमान. पेव्हर ब्लॉक. नावाची पाटी. अहो, पेव्हर ब्लॉकवर खो-खो खेळायचा? सूर मारला की गुडघ्याचं सालपट निघतं!

पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर. खो-खोचं २७ बाय १६. एवढ्याशा जागेला चांगली माती, रोलर, पाण्याचा नळ आणि मुलींसाठी आतून कडी लागणारं स्वच्छतागृह, मागणं एवढंच आहे. आमच्या मंडळाच्या पोरी सराव संपेपर्यंत पाणी पीत नाहीत. का? जायला जागाच नाही म्हणून! याची लाज कोणालाच वाटत नाही?

आमच्या मंडळाच्या मैदानासाठी निधी मागितला की उत्तर ठरलेलं: 'मैदान क्लबचं, पालिकेचा पैसा कसा देणार?' मग सभेला, प्रदर्शनाला तेच मैदान सगळ्यांचं कसं होतं? मंडपाच्या खांबांचे खड्डे कोण बुजवतं? आम्हीच, वर्गणी काढून!

जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या पुरुषांनी जिंकला, महिलांनीही. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आमच्या चौकात फलक लागला. मैदानात मात्र घमेलंभर माती पडली नाही.

द्या ना पैसे! हवी तर अट घाला, गल्लीतल्या एकाही पोराला फाटकाबाहेर उभं करायचं नाही. आम्हाला मान्य आहे. पण माती टाका, आणि पावसाळ्याआधी टाका.