अर्धवट फाइलला आम्ही ‘सेव्ह झाली’ का म्हणत नाही

सप्रेम नमस्कार,

आपला अभिप्राय काळजीपूर्वक वाचला. डिस्क भरत आली असताना आमच्या प्रोग्रामने मोठी फाइल सेव्ह करण्यास नकार दिला, मावेल तेवढा भाग तरी लिहायला हवा होता आणि एका राइट कॉलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमला ‘हा डेटा फाइलमध्ये लिही’ असे सांगणाऱ्या एका विनंतीत) होणाऱ्या कामासाठी आम्ही विनाकारण लूप चालवून, म्हणजे तीच विनंती पुन्हा पुन्हा करून, वेळ घालवतो, अशी आपली तक्रार आहे.

आधी लूपविषयी लिहितो, कारण बाकीचे सारे त्यावरच उभे आहे. दिलेले सगळे बाइट एका राइट कॉलमध्ये लिहिले जातीलच, अशी हमी पॉझिक्स, म्हणजे युनिक्स धर्तीच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठीचे मानक, देत नाही. किती बाइट लिहिले तो आकडा परत येतो, आणि तो मागणीपेक्षा कमी असला तरी कॉल यशस्वीच धरला जातो. लिनक्सवर, सिस्टिम ६४ बिटची असली तरी, एका कॉलची मर्यादा २,१४,७४,७९,५५२ बाइट आहे. म्हणजे ३ जीबीची, अर्थात ३,२२,१२,२५,४७२ बाइटची फाइल एकदम दिली, तर सारे सुरळीत असतानाही १,०७,३७,४५,९२० बाइट मागे राहतात, आणि परत आलेला आकडा न पाहणारा प्रोग्राम बिनदिक्कत ‘सेव्ह झाले’ म्हणून मोकळा होतो. मॅकओएस एवढा मोठा कॉल सरळ नाकारते. विंडोजच्या राइटफाइल या राइट कॉलमध्ये किती बाइट लिहायचे ही संख्या ३२ बिटची असल्याने ४ जीबीचा आकडा तिच्यात मावतच नाही. म्हणून तिन्हीकडे आम्ही ठरावीक आकाराचे तुकडे लिहितो, जेवढे लिहिले गेले तेवढेच पुढे सरकतो, सिग्नलमुळे (प्रोग्रामला मध्येच येणाऱ्या सिस्टिमच्या सूचनेमुळे) कॉल अडल्यास तो पुन्हा करतो आणि शून्य परत आल्यास थांबतो. वेळ जातो तो या लूपमध्ये नव्हे, तर डेटा डिस्कवर खरोखर पोचल्याची खात्री करण्यात, आणि तो आम्ही जाणूनबुजून देतो.

डिस्क भरते तेव्हा उरलेल्या जागेपुरते बाइट लिहून कॉल यशस्वी म्हणून परत येऊ शकतो. जागा संपल्याची एरर पुढच्या कॉलला मिळते. आपल्याला दिसलेला संदेश त्या क्षणाचा होता. आपली जुनी फाइल शाबूत राहिली, कारण नवा मजकूर आधी तात्पुरत्या फाइलमध्ये जातो आणि पूर्ण झाल्यावरच जुनीची जागा घेतो. यासाठी काही वेळ दोन्ही फाइलींपुरती जागा लागते, ही अडचण रास्त आहे. परंतु मावेल तेवढे लिहायचे, तर जुन्या फाइलवरच लिहावे लागले असते आणि आपल्या हाती एकही धड फाइल उरली नसती. हा क्रम आम्ही बदलणार नाही. असा संदेश पुन्हा आल्यास प्रोग्राम बंद न करता दुसरी डिस्क निवडून सेव्ह करावे. मजकूर तोवर मेमरीत असतो.