पोपटांचा गोंगाट आणि पोपटांचा गुन्हा

नमस्कार. लंडनच्या उपनगरांत स्थिरावलेल्या हिरव्या पोपटांसोबत आता राहायला शिकलं पाहिजे, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. त्यांच्या किंचाळण्याने तुमचं तान्हं बाळ पहाटेच दचकून उठतं. ते इथले नाहीत, इथल्या पक्ष्यांना हुसकावतात, म्हणून त्यांना मारून संख्या आटोक्यात आणायला हवी. आणि ते भारतातले, म्हणून मला त्यांचा पुळका आहे.

पुळक्याचं आधी सांगते. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या तज्ज्ञ गटाने जगातल्या अतिशय उपद्रवी अशा 100 आगंतुक प्रजातींची यादी केली, तिच्यात पक्षी तीनच आहेत: साळुंकी, लालबुड्या बुलबुल आणि युरोपातला स्टार्लिंग. पहिले दोन आपल्याच अंगणातले. साळुंकी किडे खाईल म्हणून 1860च्या दशकात मेलबर्नला नेली गेली. आज ऑस्ट्रेलियात ती तिथल्या पक्ष्यांच्या ढोल्या बळकावते आणि लोक तिला सापळे लावून पकडतात. त्या लोकांच्या बाजूने मी आहे. पक्षी कुठून आला यावर माझं मत ठरत नाही. तो जिथे आहे तिथे काय करतो, यावर ठरतं.

आता हे पोपट काय करतात ते पाहू. इथे तुमचं म्हणणं मला गंभीरपणे घ्यावंसं वाटतं. पोपट स्वतः नवी ढोली कोरत नाही. सुतारपक्ष्याने सोडलेलं किंवा कुजून झालेलं भोक तो शोधतो, हवं तर मोठं करतो, आणि तेही जानेवारी-फेब्रुवारीतच, इथले बरेच पक्षी घरट्याच्या तयारीला लागण्याआधी. बेल्जियममधल्या अभ्यासांत दिसलं की यामुळे नटहॅचला, म्हणजे आपल्या शिलींध्रीच्या भाऊबंदाला, जागा कमी पडते. स्पेनमधल्या सेव्हिलच्या मारिया लुइसा बागेत तर परिस्थिती फार वाईट आहे. तिथे मोठ्या नॉक्ट्यूल जातीच्या वटवाघळांची वसाहत आहे. पोपट त्यांच्यावर हल्ले करून ढोल्या घेतात, आणि वटवाघळं राहत असलेल्या झाडांची संख्या 14 वर्षांत सुमारे 80 टक्क्यांनी घटली. सेव्हिलमध्ये पोपटांची संख्या कमी केली पाहिजे, असं मी कुणालाही स्पष्ट सांगेन.

पण 2011 साली ब्रिटनमधल्या पक्षिगणनांचा हाच प्रश्न धरून अभ्यास झाला, तेव्हा नटहॅचच्या संख्येवर पोपटांचा ठळक परिणाम आढळला नाही. दाण्यांच्या बाबतीत मात्र आढळला. लंडन आणि आसपास केलेल्या, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बागेत पक्ष्यांसाठी टांगलेल्या दाण्याच्या नळीजवळ पिंजऱ्यात पोपट ठेवला. ब्लू टिट, ग्रेट टिट हे इथले छोटे पक्षी कमी खाऊ लागले आणि जास्त वेळ सावध राहू लागले. त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते: जिथे पोपट आधीपासून आहेत, तिथले पक्षी त्यांच्या शेजारी खायला जास्त तयार होते. म्हणजे नुकसान आहे, पण सगळीकडे सारखं नाही. लंडनच्या बागेला सेव्हिलची शिक्षा देता येत नाही.

मारून संख्या कमी होते का, हा वेगळा प्रश्न. सेशेल्समधल्या माहे बेटावर झाली; शेजारच्या प्रास्लिन बेटावरचा दुर्मीळ काळा पोपट वाचवण्यासाठी हे पोपट पूर्णपणे काढले. पण ते बेट होतं आणि पक्षी काही शेच होते. ब्रिटनमध्ये मंक पॅराकीट या दुसऱ्या पोपटाचे जेमतेम शंभरेक पक्षी होते, तेव्हाच 2011 साली सरकारने त्यांना हटवायला घेतलं. तो निर्णय मला योग्य वाटतो. हिरव्या पोपटांची मात्र इथे 1969पासून वीण होते आहे आणि आता त्यांच्या हजारो जोड्या आहेत. दाट वस्तीत, लोकांच्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षं बंदुका चालवाव्या लागतील, आणि थांबलं की आजूबाजूचे पक्षी येऊन जागा भरतील. खरी वेळ होती पिंजऱ्यात पाळायच्या पक्ष्यांचा व्यापार चालू असताना. पाकिस्तान, भारत अशा देशांतून पकडलेले लाखाहून जास्त पोपट युरोपात आले. 1974 साली ब्रसेल्सच्या एका करमणूक उद्यानातून चाळीसेक पोपट शहराला रंगत यावी म्हणून मुद्दाम सोडले गेले. जंगली पक्ष्यांच्या आयातीवर युरोपीय संघाची कायमची बंदी आली ती थेट 2007 साली. या सगळ्यात पोपटाचा काय दोष?

तुमच्या बाळाच्या झोपेचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्यावर उपाय तुमच्या हातात आहे. पोपट रात्री शेकडोंनी एकत्र झोपतात आणि उजाडताच ओरडत निघतात. थवा डोक्यावरून जातो तो क्षणभर. त्याला इलाज नाही. बागेत तासभर चालणारा कलकलाट बहुतेक शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बियांपायी असतो. उघड्या नळ्या काही आठवडे पूर्ण काढून ठेवा. नंतर जाळीचा बाहेरचा पिंजरा असलेली नळी लावा, ज्यात छोटे पक्षी शिरतात आणि पोपट बाहेर राहतो. जाळीपासून दाणे पुरेसे आत हवेत, नाहीतर तो चोच घालून ओढतो. सांडलेले दाणे रोज उचला. शेजाऱ्यांशीही बोला, कारण त्यांच्या बागेत उघडे दाणे असतील तर तुमची मेहनत निम्मी वाया जाईल. एक सांगते, इंग्लंडमध्ये नुसत्या आवाजासाठी पोपट मारायला परवानगी नाही. ती शेतीचं मोठं नुकसान, सार्वजनिक आरोग्य अशा कारणांसाठीच असते.

टिटसाठी घरट्याची पेटी लावायची असेल तर भोक 25 ते 28 मिलिमीटर ठेवा आणि भोकाभोवती धातूची पट्टी बसवा. पोपट आत जाऊ शकत नाही, आणि खार किंवा सुतारपक्षी भोक मोठं करू शकत नाहीत.

शेवटी तुम्ही विचारलं आहे की मागच्या ओक वृक्षाची ढोली बुजवून टाकू का. आत अंडी किंवा पिल्लं असताना तिला हात लावणं गुन्हा आहे. वीण संपल्यावरही आधी जाणकाराकडून वटवाघळं आहेत का ते तपासून घ्या, कारण ब्रिटनमध्ये त्यांची वसतिस्थानं वर्षभर संरक्षित असतात, त्या वेळी रिकामी असली तरी.